काटकसरी जनुक आणि हिरावलेले पाणी

१

माणसाची अवस्था त्याच्या जन्मावरून सांगण्याची सवय आपल्या देशात फार जुनी आहे. ज्याच्या वाट्याला दारिद्र्य आले त्याने ते मागच्या जन्मी स्वतःच कमावले, असे धर्मशास्त्राने सांगितले आणि शतकानुशतके ते खपले. या सिद्धांताची सोय अशी की, त्यात अन्याय करणारा कोणी शिल्लकच राहत नाही. जमीन कोणी बळकावली, पाणवठा कोणी बंद केला, धान्य कोणाच्या कोठारात गेले, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपात विज्ञानाचा जोर वाढला, कर्म आणि ईश्वर मागे पडले. परंतु जन्माचा महिमा काही कमी झाला नाही. त्याची जागा रक्ताने आणि वंशाने घेतली. फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. सुप्रजननशास्त्र असे त्याचे भारदस्त नाव आपल्याकडेही रूढ झाले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली आणि १९३३ मध्ये नाझी जर्मनीने तसाच कायदा केला. पुढे काय घडले ते सर्व जगाला ठाऊक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धोका वेळीच ओळखला होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि परिषदच रद्द झाल्यामुळे १९३६ साली त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण पाहावे. जातीला रक्तशुद्धीचा आणि वंशशास्त्राचा टेकू देऊ पाहणाऱ्यांचा समाचार त्यांनी त्यात घेतला आहे. एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वंशाने भिन्न नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. हा वाद तेथेच मिटला असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. परंतु गेल्या साठ वर्षांत मेद, मधुमेह आणि जनुके यांविषयी जे संशोधन झाले, त्यात हाच वाद पुन्हा नव्या भाषेत उभा राहिलेला दिसतो.

मी इतिहास शिकवतो. जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु विज्ञान जेव्हा एखाद्या समाजाच्या शरीराविषयी बोलते, तेव्हा ते त्या समाजाच्या भूतकाळाविषयीही काही गृहीत धरत असते. ते गृहीत तपासणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि प्रस्तुत लेखात मी तेवढेच करणार आहे.

२

जेम्स नील हा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातला नामवंत आनुवंशशास्त्रज्ञ होता. हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँबमुळे पुढच्या पिढीवर काय परिणाम झाला याची पाहणी करणाऱ्यांत तो प्रमुख होता. १९६२ मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा प्रश्न साधा होता. मधुमेह जर इतका घातक आहे आणि तो काही अंशी आनुवंशिक आहे, तर निसर्गनिवडीत ही प्रवृत्ती नाहीशी का झाली नाही? त्याचे उत्तर असे की, एके काळी हीच प्रवृत्ती उपकारक असली पाहिजे. शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या माणसाला एक दिवस पोटभर मिळे आणि चार दिवस उपास घडे. मिळालेल्या अन्नाचा मेद झटपट साठवून ठेवणारे शरीर दुष्काळात तगले. ते शरीर काटकसरी होते. आता रोजच भरपूर अन्न मिळू लागले, तेव्हा तीच काटकसर रोग होऊन बसली. या कल्पनेला ‘काटकसरी जनुका’चा सिद्धांत असे नाव पडले.

हे समजण्यासाठी मेदपेशी म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. मेद म्हणजे नुसती चरबीची थप्पी नव्हे. आपल्या घरात धान्याची कणगी असते तशी मेदपेशी ही शरीराची कणगी आहे. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते आणि त्याच्या हुकमाने जास्तीचे अन्न मेदाच्या रूपाने या पेशीत साठते. उपासाच्या वेळी तोच मेद परत रक्तात सोडला जातो आणि शरीर चालू राहते. कणग्या भरून वाहू लागल्या की मेद यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो. मग ते अवयव इन्शुलिनला दाद देईनासे होतात आणि रक्तातली साखर वाढत जाते. प्रौढ वयातल्या मधुमेहाची सर्वसाधारण वाट ही अशी आहे.

नीलने आपली कल्पना साऱ्या मानवजातीविषयी मांडली होती. एवढेच नव्हे, तर निबंधाच्या शीर्षकात त्याने ‘प्रगती’ हा शब्द अवतरणचिन्हांत घालून पुढे प्रश्नचिन्हही दिले होते. परंतु पुढील काळात हा सिद्धांत काही ठरावीक लोकांनाच चिकटवला गेला. अमेरिकेतील मूळ रहिवासी, प्रशांत महासागरातील बेटांवरचे लोक, ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि आपण भारतीय या यादीत आलो. गोरा माणूस मधुमेही झाला तर त्याचे खाणेपिणे तपासले जाई. काळ्या-सावळ्या माणसाला मधुमेह झाला की त्याचा वंश पुढे येई. एका शास्त्रज्ञाचा विचारी तर्क पाठ्यपुस्तकातले ठाम विधान होऊन बसला.

३

या सिद्धांताचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा लोक. स्पॅनिश लोकांनी त्यांना पिमा म्हटले. ते स्वतःला ‘अकिमेल ओओधाम’, म्हणजे नदीचे लोक, म्हणवतात. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे डॉक्टर संधिवाताची पाहणी करण्यासाठी त्यांच्याकडे गेले आणि त्यांना तेथे मधुमेह अफाट प्रमाणात आढळला. १९६५ पासून दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या गोऱ्या वस्तीच्या गावाशी तुलना करता पिमांमध्ये मधुमेहाचे नवे रुग्ण १९ पटींनी अधिक होते. चार दशकांहून अधिक काळ या लोकांचे रक्त तपासले गेले, त्यांचे मेद मोजले गेले, त्यांच्या पेशी प्रयोगशाळेत गेल्या. मधुमेहाविषयी आज जगाला जे माहीत आहे त्यातला मोठा भाग या लोकांच्या शरीरातून आलेला आहे.

परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्या अभ्यासकांनी पिमांच्या आरोग्याची नोंद केली, त्यांच्या लेखनात मधुमेह जवळजवळ दिसत नाही. साठ वर्षांत कोणत्याही लोकांची जनुके बदलत नाहीत. मग काय बदलले?

नदी बदलली. हिला नदीच्या काठी या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षे कालवे खोदून शेती करीत आले होते. मका, घेवडा, भोपळा, कापूस, आणि युरोपीय आल्यावर गहू, ही त्यांची पिके. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्याची लूट सुरू झाली तेव्हा वाळवंट तुडवत जाणाऱ्या हजारो गोऱ्या प्रवाशांना पिमांनी धान्य आणि पाणी पुरवले. १८६० च्या दशकात ते अमेरिकी सैन्याला लाखो पौंड गहू विकत होते. म्हणजे ज्यांना आज जन्मतः रोगट ठरवले जाते, तेच त्या प्रदेशाचे अन्नदाते होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मग नदीच्या वरच्या अंगाला वस्ती केली आणि पाणी आपल्या शेताकडे वळवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात खाली वाहणारी हिला कोरडी पडली. पिके गेली, उपासमार आली. पोटासाठी पिमांनी मेस्कीटची झाडे तोडून लाकूड विकले. याच झाडाच्या शेंगा त्यांचे पारंपरिक अन्न होते, तेही गेले.

१९२४ मध्ये अमेरिकी संसदेने पिमांना पाणी देण्याच्या नावाने धरणाचा कायदा केला. १९२८ मध्ये कूलिज धरण पुरे झाले; परंतु कबूल केलेले पाणी पिमांच्या शेतापर्यंत पोहोचले नाही. जे पोहोचले ते सरकारी शिधावाटप: मैदा, साखर, डुकराची चरबी. नदीचे लोक शिध्याच्या रांगेत उभे राहिले. घेवडा आणि शेंगा यांच्या जागी चरबीत तळलेली मैद्याची पोळी आली, आणि पुढे तीच त्यांच्या ‘संस्कृती’ची खूण म्हणून दाखवली जाऊ लागली. उपासमार लादायची, मग निकृष्ट अन्न द्यायचे आणि शेवटी त्या अन्नावरूनच माणसाची ओळख ठरवायची, ही रीत आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पाणवठ्यावरचा हक्क आणि शिळ्या तुकड्यावरचे जिणे यांचा संबंध त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आता शास्त्रज्ञांचीच एक तुलना पाहा. सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात मायकोबा नावाच्या डोंगरी गावात याच पिमांचे भाऊबंद राहतात. त्यांची जमीन आणि शेती टिकून होती. बैलाच्या आणि हाताच्या बळावरची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲरिझोनातील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के, तर मेक्सिकोतील पिमांमध्ये ६.९ टक्के आढळले. रक्त जवळचे, रोगाचे प्रमाण मात्र पाचपट वेगळे. स्वतः नीलने १९९९ मध्ये आपल्या सिद्धांताचा फेरविचार प्रसिद्ध केला. राखीव प्रदेशातील मूळ रहिवाशांचा मधुमेह केवळ त्यांच्या वांशिक प्रवृत्तीने होतो या समजुतीला आधार नाही, जीवनमानातला बदल हेच त्याचे मुख्य कारण असले पाहिजे, असे त्याने मान्य केले. विज्ञानाचा हा मोठेपणा आहे आणि तो आपण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. स्मृतिकारांनी आपला सिद्धांत कधी दुरुस्त केला नाही.

४

मग जनुकांना काहीच अर्थ नाही काय? तसे म्हणणे अज्ञानाचे होईल. १९४९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या एका वाणात अतिशय लठ्ठ पिल्ले निपजली. डग्लस कोलमन याने लठ्ठ आणि सडपातळ उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडून दाखवले की, सडपातळ उंदराच्या रक्तात भूक आवरणारे काही द्रव्य आहे आणि लठ्ठ उंदरात ते नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्या द्रव्याचे जनुक शोधले. ते द्रव्य म्हणजे लेप्टिन. ते मेदपेशीतच तयार होते. कणगीत किती धान्य उरले आहे याची वर्दी मेंदूला देणे हे त्याचे काम. १९९७ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या डॉक्टरांना पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबात दोन मुले आढळली, ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जन्मतःच बनत नव्हते. त्यांची भूक कधी शमतच नसे. पुढे लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर अशा मुलांची भूक आवरली आणि वजन उतरले.

या शोधाने एक मोठे काम केले. लठ्ठ माणूस म्हणजे हावरट आणि आळशी, ही नैतिक निंदा खोटी ठरली. परंतु शोधाभोवती बाजारही लगेच उभा राहिला. ॲमजेन या कंपनीने लेप्टिनचे हक्क १९९५ मध्ये दोन कोटी डॉलरना घेतले. सर्वांना सडपातळ करणारे औषध हाती येणार अशी हवा झाली. प्रत्यक्षात बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असते; मेंदू त्याला दाद देत नाही. त्यामुळे औषधाचा सामान्य लठ्ठपणावर फारसा उपयोग झाला नाही. ज्यांच्यात एकच जनुक बिघडल्याने हे सर्व घडते अशी माणसे जगात अत्यंत थोडी आहेत. २००७ मध्ये सापडलेले ‘एफटीओ’ हे जनुक घ्या. त्याची वजन वाढवणारी दोन्ही रूपे असलेल्या माणसाचे वजन सरासरी तीन किलोच अधिक भरते. २०१६ मध्ये सामोआ बेटावरील लोकांत वजन वाढवणारे एक जनुकरूप सापडले. काटकसरी जनुक हाती लागले असे अनेकांना वाटले. पण ते रूप असलेल्या लोकांत मधुमेहाचा धोका उलट कमी निघाला. अशी शेकडो जनुके मिळून थोडाथोडा वाटा उचलतात, असेच आजचे चित्र आहे.

मेदपेशी येतात कोठून, याचाही शोध लागला आहे. मेदाच्या ऊतीत मूलपेशी असतात. म्हणजे ज्यांचे काम अजून ठरलेले नाही अशा पेशी. २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवले की, शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या चरबीतल्या या पेशींपासून प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि स्नायू यांच्या पेशीही घडवता येतात. २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी आणखी एक युक्ती केली. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो पेशींच्या डीएनएत किती उतरला हे मोजून त्यांनी मेदपेशींचे वय काढले. दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. परंतु त्यांची एकूण संख्या बालपणात आणि किशोरवयातच ठरून जाते, असे त्यांना आढळले. प्रौढपणी माणूस वाळला तरी कणग्यांची संख्या तीच राहते. म्हणजे माणूस लहानपणी काय खातो, कोणत्या परिस्थितीत वाढतो, याचा हिशेब शरीर जन्मभर बाळगते. जनुकाचा शोध करता करता विज्ञान असे पुन्हा बालपणापाशी आले.

५

आणि बालपणाच्याही मागे, आईच्या पोटापाशी. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून दाया आणि परिचारिका बाळांचे जन्मवजन वहीत लिहून ठेवीत. डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी त्या वह्यांतील पुरुष म्हातारपणी शोधून तपासले. जन्मतः कमी वजनाचे असलेल्यांना मधुमेह अधिक होता. १९९२ मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला की, काटकसर जनुकात नसून गर्भाच्या वाढीत आहे. आईला पुरेसे अन्न नसेल तर गर्भ मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंड, स्नायू यांवर काटकसर करतो. हॉलंडचे उदाहरणही असेच आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या महिन्यांत गर्भात असलेल्यांच्या डीएनएवर त्या भुकेच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही सापडल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डच लोक गोरे आहेत. त्यांचे दुखणे त्यांच्या वंशाच्या खाती कोणी टाकले नाही. त्या हिवाळ्याची तारीख आणि गुन्हेगार दोन्ही ठाऊक होते.

या विचाराचे एक केंद्र आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या लक्षात आले की, त्यांचे मधुमेही रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकांतल्यासारखे लठ्ठ आणि वयस्क नाहीत. ते तरुण आहेत आणि पुष्कळदा सडपातळ आहेत. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला होता. या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळे लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव बारके होते. परंतु त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. बारीक दिसणारे, पण आतून मेदाळ. जन्माच्या क्षणीच.

याच अभ्यासात आणखी काय दिसले? ज्या स्त्रिया गरोदरपणी शेतात आणि घरात अधिक कष्टाचे काम करीत होत्या त्यांची बाळे अधिक लहान होती. ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळ आणि दूध होते त्यांची बाळे मोठी होती. मोट, मोळी, हंडा, खुरपे ही जनुके नव्हेत. ती विशिष्ट बायकांच्याच डोक्यावर आणि हातात का आली, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे, आणि येथे प्रयोगशाळेचे दार आपल्या अंगणात उघडते.

त्या खेड्यांतल्या माता विशी-बाविशीच्या, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेल्या होत्या. माझी आईही त्याच वयाची. १९७२ मध्ये माझी आजी पोट वाढलेले असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मिळेल ती सुकडी मोठ्या पोरांना देऊन स्वतः पाण्यावर राही, असे आई आजीच्या तोंडून ऐकलेले सांगते. आई त्याच पोटात होती. आयुष्यभर तिच्या अंगावर मांस चढले नाही. चाळिशी उलटली आणि तिला शुगर निघाली. तेव्हा एका डॉक्टरांनी विचारले, “मावशी, तुमच्या घराण्यात कोणाला होती का?” आई म्हणाली, “आमच्यात कुणाचं रगात कुणी तपासलंच न्हाई, सायेब.” डॉक्टरांनी केसपेपरवर ‘आनुवंशिक’ असे लिहिले. मी शेजारी उभा होतो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मला ते अक्षर वाचता आले. त्या एका शब्दात खडी, सुकडी आणि १९७२ साल पुसून गेले होते.

६

आता एका नव्या धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. २०१५ मध्ये पुण्यातील आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा वाण त्यांनी तपासला. ते उंदीर इन्शुलिनला नीट दाद देत नव्हते आणि त्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. मग त्यांना दोन पिढ्या भरपूर अन्न दिले, तरी बिघाड भरून आला नाही. पन्नास पिढ्यांची भूक! हे वाचताना माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येणे साहजिक आहे. आपल्या इतिहासाची ही साक्षच प्रयोगशाळेने दिली असे वाटते.

परंतु येथेच सावध राहावयाचे आहे. उद्या कोणी म्हणेल की, या लोकांच्या शरीरावर हजार वर्षांची खूण उमटली आहे, आता दोन पिढ्यांच्या सवलतींनी काय होणार? कर्मसिद्धांत, वंशसिद्धांत आणि जनुकसिद्धांत यांच्यानंतर जन्माचा हा चौथा अवतार असेल, आणि तो आपल्याच दुःखाच्या पुराव्यावर उभा राहील. माणूस उंदीर नव्हे, एवढे उत्तर पुरेसे नाही. त्याला माणसांवरच्या अनुभवाचे उत्तर आहे. २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळ आणि दूध यांचा एक खाऊ देण्याचा प्रयोग झाला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला ही पोषणद्रव्ये फारशी नसलेला खाऊ दिला होता. गरोदरपणातला मधुमेह या दुसऱ्या गटात १२.४ टक्के स्त्रियांना झाला, तर पौष्टिक खाऊ खाणाऱ्यांत ७.३ टक्के. एका पिढीत, एका खाऊने एवढा फरक. शरीरावर इतिहास लिहिला जातो हे खरे. तो खोडून नवा लिहिता येतो हेही तितकेच खरे.

दुसरा प्रश्न संशोधनातल्या हक्काचा. ॲरिझोनाच्याच ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाचे सुमारे साडेसहाशे लोक राहतात. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाचा शोध करायचा म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे तेच रक्त मनोविकार, जवळच्या नात्यातील विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. त्यांना न विचारता. २००३ मध्ये कार्लेटा टिलूसी ही हवासुपाई तरुणी विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली, आणि आपल्या लोकांच्या रक्ताचे काय झाले हे तिला तेथे कळले. तिने प्रश्न विचारला. जमात न्यायालयात गेली. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. आपल्या लोकांतली एक शिकलेली मुलगी त्या सभागृहात बसली होती, म्हणून हे घडले. शिक्षणाचे याहून दुसरे समर्थन मला देता येणार नाही.

आणि पिमांचे काय? हिला नदीच्या पाण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले. २००४ मध्ये अमेरिकी संसदेने पाणीवाटपाचा कायदा केला आणि त्यांचा वर्षाकाठी सुमारे साडेसहा लाख एकर-फूट पाण्यावरचा हक्क मान्य झाला. कोणत्याही जनुकाच्या शोधाने त्यांना हे पाणी दिले नसते.

आपल्या चळवळीने विज्ञानाकडे पाठ फिरवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विज्ञान हे प्रस्थापितांचे म्हणून सोडून देणे म्हणजे आपल्याच शरीराविषयीचे ज्ञान दुसऱ्याच्या हाती देणे होय. आपली मुले-मुली जनुकशास्त्रात, पोषणशास्त्रात, साथरोगशास्त्रात गेली पाहिजेत. संशोधनासाठी रक्त मागितले तर ते कशासाठी, कोणाच्या नफ्यासाठी आणि त्यातून आम्हाला काय मिळणार, हे विचारले पाहिजे. आणि कोणी आपल्या दुखण्याखाली ‘आनुवंशिक’ असे लिहिले, तर कागद परत घेण्यापूर्वी आणखी चार गोष्टी तेथे लिहावयास लावल्या पाहिजेत: आई गरोदरपणी काय काम करीत होती, काय खात होती, पाणी किती लांबून आणत होती, आणि ते साल कोणते होते.